घरामागची टाकी



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो जेवणाच्या पानावर काढण्यासारखा नाही. पण तो कुठेच काढायचा नाही असं आपण ठरवून टाकलं आहे आणि त्यामुळे पुष्कळ नुकसान झालं आहे. म्हणून आज संकोच बाजूला ठेवू या. विषय आहे संडासाच्या टाकीचा. ती काम कसं करते, तिची निगा कशी ठेवावी आणि ती न ठेवल्यास कोणावर काय ओढवतं, एवढंच मला सांगायचं आहे.

आमच्या भिवंडीकडे गवंड्यापासून घरमालकापर्यंत सगळे या टाकीला ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात. तुमच्या गावीही बहुधा तेच म्हणत असतील. मूळ शब्द ‘सेप्टिक’, म्हणजे कुजवणारी. ‘सेफ्टी’ म्हणजे सुरक्षितता. उच्चारात फरक थोडा, पण समजुतीत फार मोठा. टाकी कुजवणारी आहे असं म्हटलं की माणूस सावध राहतो. ती सेफ्टीची आहे असं म्हटलं की तो निर्धास्त होतो आणि झाकणावर फरशी घालून तिला विसरून जातो.

माझं लहानपण नारपोलीला, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. आमच्या चाळीत वीस बिऱ्हाडं होती, चार संडास होते आणि मागच्या अंगाला एक टाकी होती. ती केव्हा बांधली हे कोणाला आठवत नव्हतं आणि केव्हा उपसली हे तर विचारायलाच नको. १९८९ सालच्या श्रावणात झड लागली आणि संडासाच्या भांड्यांतून पाणी उलटं वर येऊ लागलं. मी तेव्हा चौथीत होतो. वर्गणी निघाली आणि दोन माणसं आली. त्यांच्याजवळ एक दोर, दोन बादल्या आणि एक फावडं होतं. त्यांनी झाकण काढलं, वरचं पाणी बादल्यांनी उपसलं. खालचा गाळ चिखलासारखा घट्ट झाला होता, तो बादलीत येईना. तेव्हा त्यांच्यातला धाकटा आत उतरला. आम्ही मुलं ओट्यावरून पाहत होतो. तो फावडं मारायला वाकला, तो पुन्हा उठलाच नाही.

वरचा माणूस त्याला हाका मारीत तसाच आत उतरू लागला. तेवढ्यात मागावर काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी त्याचा दंड घट्ट धरला. ते म्हणाले, “तू उतरू नको रे, दोर ओढ!” सुदैवाने धाकट्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. चौघांनी मिळून त्याला वर ओढलं, मोकळ्या हवेत निजवलं. बऱ्याच वेळानं त्यानं डोळे उघडले. त्याला दवाखान्यात नेलं आणि तो वाचला.

त्या संध्याकाळी चाळीत चर्चा झाली ती वर्गणीतले पैसे किती उरले याची. त्या माणसाचं नाव काय, हे कोणी विचारलं नाही. आजही मला ते माहीत नाही. पुढे मी भूगोल शिकलो, आता महाविद्यालयात तोच शिकवतो. जमिनीखालच्या पाण्याचा धडा आला की मला ती टाकी आठवते. ती वेळेवर उपसली असती, तर त्या माणसाला आत उतरावंच लागलं नसतं. हे कसं, ते आता पाहू.

ओढ्याचं गढूळ पाणी घागरीत भरून रात्रभर ठेवलं तर सकाळी काय दिसतं? माती तळाशी बसलेली असते, काडीकचरा वर तरंगत असतो आणि मधलं पाणी बरंचसं निवळलेलं असतं. टाकीत हेच घडतं. संडासातलं पाणी टाकीत आलं की ते निदान एक दिवस, शक्य तर दोन दिवस, तिथे स्वस्थ पडून राहावं लागतं. जड भाग खाली बसतो, त्याला गाळ म्हणू. तेलकट आणि हलका भाग वर येतो, त्याला साय म्हणू. मधल्या थरातलं पाणी दुसऱ्या टोकाच्या नळीतून बाहेर पडतं. ही नळी आणि आत येणारी नळी, या दोन्हींना इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखा तुकडा लावलेला असतो. त्याचं एक तोंड पाण्यात बुडालेलं असतं, म्हणून वरची साय बाहेर जात नाही. पुष्कळ ठिकाणी गवंडी दोन-चारशे रुपये वाचवायला हा तुकडाच लावीत नाही. टाकी बांधताना स्वतः उभं राहून तेवढं पाहून घ्या.

तळाच्या गाळावर जंतू काम करतात. हे जंतू विकत आणावे लागत नाहीत, ते आपल्या आतड्यांतूनच येतात. त्यांना हवा लागत नाही. ते मैल्याचा बराचसा भाग कुजवून पाण्यात आणि वायूंत त्याचं रूपांतर करतात. नवी टाकी सुरू करताना ती आधी पाण्याने भरावी आणि चांगलं कुजलेलं शेण थोडंसं टाकावं. दुधाला विरजण लावतो तसाच हा प्रकार. बाजारात टाकीत टाकायच्या पुड्या मिळतात, ‘आता उपसण्याचं नाव नको’ असं विकणारा सांगतो. त्यावर विश्वास ठेवू नका.

ही टाकी फ्रान्समधल्या मूरास नावाच्या गृहस्थांनी १८६०च्या सुमारास प्रथम बांधली आणि १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. बारा वर्षांनी टाकी उघडली तेव्हा आत गाळ फारच थोडा होता, असं सांगतात. तेव्हापासून ‘टाकी सगळं खाऊन टाकते’ ही समजूत जगभर पसरली. आपल्या मुंबईतही या टाकीचा प्रयोग फार लवकर झाला. माटुंग्याला निराधार कुष्ठरोग्यांसाठी आश्रम होता, आज वडाळ्याला ॲकवर्थ रुग्णालय आहे ते त्याचंच पुढचं रूप. तिथे १८९७च्या सुमारास टाकीतून निघणारा वायू जमवून त्यावर इंजिन चालवलं होतं. ज्या वायूवर इंजिन चालतं, तो तुमच्या-आमच्या घरामागेही तयार होतो, हे लक्षात ठेवा. त्याच्याकडे आपण पुढे वळूच.

जंतू पुष्कळ खातात, पण सगळं खात नाहीत. वाळू, राख, केस आणि न कुजणारे तंतू तळाशी साठत राहतात. गाळ दर वर्षी थोडाथोडा चढतो आणि पाण्याला उरलेली जागा कमी होत जाते. मग दोन दिवस थांबायचं पाणी दोन तासांतच बाहेर पडतं आणि न कुजलेला मैला घेऊन शोषखड्ड्यात जातं. खड्ड्याभोवतालच्या मातीची छिद्रं बुजतात. एकदा ती बुजली की खड्डा पाणी पीत नाही, नवा खोदावा लागतो. उपशाचा खर्च वाचवणारा माणूस शेवटी असा दुप्पट खर्चात पडतो.

म्हणून नियम असा की, साय आणि गाळ मिळून टाकीचा एक तृतीयांश भाग भरला की उपसा करावा. साधारण घरात ही वेळ दोन ते तीन वर्षांनी येते. भारतीय मानकाप्रमाणे पाच माणसांच्या घराला, दर दोन वर्षांनी उपसायची असेल तर, दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटरहून किंचित जास्त पाण्याची खोली असलेली टाकी पुरते. आपल्याकडे हौसेने याच्या चौपट टाकी बांधतात, ती आयुष्यात उपसावी लागू नये म्हणून. पण दहा-पंधरा वर्षांत तळचा गाळ दगडासारखा घट्ट होतो. मैला ओढणारी गाडी आली तरी तिच्या नळीला तो ओढवत नाही. मग कोणीतरी म्हणतं, “आत माणूस उतरवल्याशिवाय भागणार नाही.” श्रोतेहो, माणूस आत उतरतो त्याचं खरं कारण पुष्कळदा हेच असतं. वेळेवर उपसलेल्या टाकीचा गाळ पातळ असतो, तो गाडी बाहेरूनच ओढते.

गाळ किती चढला हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. एका लांब काठीच्या खालच्या अर्ध्या भागाला जुनं पांढरं धोतर गुंडाळा. झाकणातून काठी सरळ तळापर्यंत नेऊन काही मिनिटं धरा आणि हळूच बाहेर काढा. जिथपर्यंत कापड काळंकुट्ट झालं असेल, तिथपर्यंत गाळ. हे काम मोठ्या माणसाने करावं, दुसऱ्याला जवळ ठेवावं, वाऱ्याकडे पाठ करून उभं राहावं. झाकणावर तोंड नेऊ नये. विडी-काडी, कंदील यांपैकी काही जवळ नको. झाकण घट्ट बसवल्याशिवाय तिथून हलू नये, कारण उघड्या टाकीत मुलं पडतात.

आता टाकीत काय जाऊ नये ते सांगतो. चिंध्या, पाळीचे पॅड, डायपर, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि गुटख्याच्या पुड्या कधीच कुजत नाहीत. स्वयंपाकाचं तेल-तूप साय वाढवतं. ॲसिड आणि फिनेल रोज ओतलं तर कुजवणारे जंतूच मरतात, तेव्हा भांडं घासायला साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे. पागोळ्यांचं पाणी तर टाकीत मुळीच सोडू नये, कारण एका सरीत ते गाळ ढवळून बाहेर नेतं. टाकीवरून ट्रॅक्टर नेऊ नये आणि झाकणावर फरशी घालू नये. वायू जाण्यासाठी उभा नळ असतो, तो घराच्या छपरावर नेऊन त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी. हत्तीरोग पसरवणारा डास असल्याच घाण पाण्यात वाढतो. जाळी दहा-वीस रुपयांची असते, ती फाटली की बदलावी.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी दिसायला निवळ असतं, पण ते स्वच्छ नसतं. पटकी, विषमज्वर आणि कावीळ यांचे जंतू त्यात असू शकतात. त्याला खरं स्वच्छ करते ती माती. मातीच्या बारीक कणांतून झिरपताना जंतू अडतात आणि मरतात. पण आपल्याकडे अनेक गावी हातभर मातीखाली काळा कातळ लागतो. कातळ पाणी गाळत नाही, त्याच्या भेगांतून पाणी जसंच्या तसं पळतं आणि शेजाऱ्याच्या विहिरीत उतरतं. म्हणून शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत निदान साठ फूट अंतर ठेवावं, कातळ असेल तर आणखी जास्त. कोकणपट्टीत पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, तेव्हा खड्डा उथळ ठेवावा, त्याच्या तळाला पाणी लागता कामा नये.

नारपोलीसारख्या दाट वस्तीत खड्ड्याला जागा नसते. मग टाकीची नळी सरळ उघड्या गटारात सोडतात. गटार नाल्याला मिळतं, नाला कामवारी नदीला आणि कामवारी खाडीला. त्याच गटाराच्या कडेनं पिण्याच्या पाण्याचा नळ जात असतो. नळाला कुठे बारीक चीर असली की पाणी बंद असताना घाण आत शिरते आणि काही आठवड्यांत घरोघरी कावीळ होते. अशा ठिकाणी एकट्या घराचा इलाज चालत नाही. दोन-चार चाळींनी मिळून बंद गटाराची मागणी लावून धरली पाहिजे.

आता त्या वायूकडे वळू. टाकीत मिथेन असतो, तो पेट घेतो. कार्बन डायऑक्साइड असतो, तो हवेहून जड म्हणून तळाशी राहतो. आणि हायड्रोजन सल्फाइड असतो, त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. हा सर्वांत घातक. तो थोडा असला की वास येतो, फार असला की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. ‘आता वास येत नाही, म्हणजे वायू गेला’ असं समजून माणूस उतरतो आणि एक-दोन श्वासांत कोसळतो. गाळ फावड्यानं ढवळला की त्यात कोंडलेला वायू एकदम सुटतो. तोंडाला रुमाल बांधून काही उपयोग होत नाही. दारू पाजून उतरवणं तर निव्वळ क्रूरपणा आहे.

वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात तेव्हा मेलेल्यांचा आकडा बहुधा एक नसतो. पहिला पडतो, त्याला वाचवायला दुसरा उतरतो, त्याच्या मागे तिसरा. म्हणून एवढं पाठ करून ठेवा: कोणी आत पडला तर त्याच्या मागे उतरायचं नाही. दोर बांधलेला असेल तर ओढा, आणि ताबडतोब १०१ किंवा ११२ या क्रमांकावर अग्निशमन दलाला बोलवा. आमच्या चाळीतल्या त्या म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी दुसऱ्याचा दंड धरला नसता, तर त्या दिवशी दोन प्रेतं निघाली असती.

कायदाही आता स्पष्ट आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षणाच्या साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा टाकीत उतरवण्यास बंदी केली आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. हा गुन्हा केवळ कंत्राटदाराचा नाही, काम सांगणाऱ्या घरमालकाचाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने गटारातल्या मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये दहा लाख रुपये ठरवली होती, ती २०२३ मध्ये तीस लाख केली. पण गेलेला माणूस भरपाईनं परत येत नाही. हे काम पिढ्यानुपिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारलं गेलं, ही आपल्या सर्वांना लाज वाटावी अशी गोष्ट आहे. आपल्या घरातली घाण दुसऱ्याने जिवावर उदार होऊन काढावी, असा हक्क कोणालाच नाही.

मग उपसा करायचा कसा? नगरपालिकेत किंवा पंचायतीत चौकशी करून मैला ओढणारी गाडी मागवा. पावसाळ्यात नको, फाल्गुन-चैत्रात मागवा. तेव्हा जमीन कोरडी असते आणि गाडी घरापर्यंत येते. गाडीवाल्याला एक प्रश्न अवश्य विचारा, “हा मैला नेऊन टाकणार कुठे?” तो ओढ्यात किंवा कोणाच्या शेतात ओतला, तर आपली घाण आपण दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकली असं होईल. साताऱ्याकडचं वाई आणि नाशिककडचं सिन्नर, या दोन गावांनी २०१८ च्या सुमारास एक चांगला पायंडा पाडला. टाकी तुंबेपर्यंत वाट न पाहता, पाळीपाळीनं दर तीन वर्षांनी प्रत्येक घराची टाकी उपसायची आणि मैला शुद्धीकरण केंद्रात न्यायचा. त्यासाठी मोठं शहर लागत नाही. वाई-सिन्नरला जमलं ते इतर गावांनाही जमण्यासारखं आहे.

खेड्यात जे आता नवा संडास बांधणार आहेत, त्यांनी आधी विचार करावा की टाकी हवीच का. जागा असेल आणि जमिनीतलं पाणी खोल असेल, तर दोन खड्ड्यांचा संडास स्वस्त आणि बिनधोक. एक खड्डा वापरायचा, तो भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवला की आत कोरडं, बिनवासाचं सोनखत तयार होतं. ते कोणीही काढावं आणि शेतात घालावं. मैल्याचं खत करण्याचा हा विचार कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी स्वतः हातात फावडं घेऊन रुजवला. देहूचे डॉ. मापुसकर यांनी तो पुढे नेला, संडासाला गोबरगॅसची जोड दिली आणि गावकऱ्यांना वर्षानुवर्षं समजावीत राहिले. २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती आहे. वर्गात काचेची रिकामी बरणी आणा. तिच्यात पाणी, मूठभर माती, थोडा लाकडाचा भुसा आणि चमचाभर गोडं तेल घालून हलवा आणि टेबलावर ठेवा. तास संपेपर्यंत तीन थर दिसू लागतील. मग मुलांना विचारा, “ही बरणी कधीच रिकामी केली नाही आणि रोज मूठभर माती टाकत गेलो, तर काय होईल?” उत्तर मुलंच देतील आणि ते घरी जाऊन सांगतील. मुलांनी घरी विचारायचा प्रश्नही देऊन ठेवा, “आपली टाकी शेवटची केव्हा उपसली?” ज्या घरात याचं उत्तर कोणाला येणार नाही, त्या घरानं यंदा गाडी मागवावी. उपशाची तारीख रंगाने भिंतीवर, झाकणाजवळ लिहून ठेवावी. शाळेच्या टाकीपासून सुरुवात केली तर फारच उत्तम.

नारपोलीची ती चाळ आता राहिली नाही, त्या जागी इमारत उभी आहे. मागच्या वर्षी मी तिथे गेलो होतो. इमारतीखालची टाकी कुठे आहे, असं तिथल्या एका ओळखीच्या गृहस्थांना विचारलं. ते हसून म्हणाले, “असेल की सर इथेच कुठेतरी, सेफ्टी टाकी आहे, काळजी नको.” मी त्यांना १९८९ सालची हकिगत सांगितली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी वाहनतळाची फरशी उचलून झाकण शोधून काढलं आणि उपशाची गाडी मागवली. त्या गाडीवरच्या माणसाला मात्र त्यांनी पहिल्यांदा नाव विचारलं आणि चहा दिला, असं त्यांनी मला फोनवर सांगितलं.

श्रोतेहो, तुम्हीही आपलं झाकण शोधून काढा. एवढंच आजचं सांगणं.